अँटिबायोटिकच्या गोळ्या आणि टाचेची नस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगावात फिजिओथेरपी करते. टाच, पोटरी, खांदा दुखतो म्हणून माणसं येतात. त्यांतल्या काहींच्या दुखण्याचं मूळ आठवड्याभरापूर्वी घेतलेल्या अँटिबायोटिकमध्ये सापडतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की लघवीची जळजळ, मूतखडा, जुलाब वाढतात. त्यांच्यामागोमाग गोळ्या वाढतात आणि मग मला येणारे हे फोनही. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हे वाचून तपासणी टाळू नका. पण डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, ते यातून कळेल.

१. गोळी जुलाबासाठी घेतली, मग टाच कशी दुखेल? असं खरंच होतं का?

होतं. फ्लुरोक्विनोलोन नावाच्या अँटिबायोटिकच्या एका गटाचा हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. आपण जिला टाचेची नस किंवा शीर म्हणतो, ती रक्ताची नस नव्हे. पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी ती जाड दोरी असते. तिला कंडरा म्हणतात, डॉक्टर अकिलिस टेंडन म्हणतील. या गोळ्यांनी तिला सूज येऊ शकते आणि क्वचित ती तुटतेही. न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी नॉरफ्लॉक्सासिन घेतलेल्या रुग्णांमध्ये हे १९८३ मध्येच नोंदवलं होतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००८ मध्ये या औषधांच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा छापायला लावला. त्या देशात औषधावर यापेक्षा कडक इशारा नसतो.

२. नेमक्या कोणत्या गोळ्या? माझ्याकडे नावच नाही, नुसती कापलेली स्ट्रिप आहे.

औषधाच्या मूळ नावाच्या शेवटी ‘फ्लॉक्सासिन’ आहे का बघा. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन ही आपल्याकडे नेहमी दिसणारी नावं. कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत असतं आणि मूळ नाव बारीक अक्षरांत, म्हणून मोबाइलने फोटो काढून तो मोठा करून वाचा. जुलाबासाठी सर्रास मागितली जाणारी ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलची जोडगोळीही यातलीच. ती ‘पोटाची गोळी’ म्हणून घेतात, त्यामुळे आपण अँटिबायोटिक घेतलंय हेच कित्येकांना ठाऊक नसतं.

अ‍ॅझिथ्रोमायसिन, अमॉक्सिसिलिन, सेफिक्सिम, डॉक्सिसायक्लिन या गटात येत नाहीत.

कापलेल्या स्ट्रिपचं दुखणं मी रोज बघते. रावेरकडचे एक आप्पा सदऱ्याच्या खिशातून चांदीसारखा तुकडा काढून माझ्या टेबलावर ठेवायचे. चार घरं, दोन रिकामी, मागच्या बाजूला फक्त ‘सासिन’ एवढीच अक्षरं. नाव, बॅच, तारीख सगळं कात्रीने दुकानातच राहिलेलं. त्यावेळी ती तीन अक्षरं कामी आली, पण त्यांचा भरवसा धरता येत नाही. सुट्या गोळ्या घेताना नाव छापलेला भाग मागून घ्या. तो मिळत नसेल तर अख्ख्या स्ट्रिपचा फोटो काउंटरवरच काढा. बिल मागा, बिलावर नाव येतंच.

३. दुखणं कुठे आणि कसं असतं? ताई, माझं तर सगळंच अंग दुखतंय.

बहुतेक वेळा टाचेच्या हाडाच्या वर दोन-तीन बोटांवर, मागच्या बाजूला दुखतं. चिमटीत धरून दाबलं की कळ येते. जिना उतरताना, चवड्यावर उभं राहताना वाढतं. तिथे सूज आणि ऊबही जाणवते. सुमारे निम्म्या लोकांना दोन्ही पायांत होतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. नुसत्या ताणाने दोन्ही टाचा एकाच आठवड्यात सहसा धरत नाहीत. सकाळी पहिलं पाऊल टाकताना तळव्याखाली टोचत असेल, तर ते बहुधा वेगळं, रोजच्या बघण्यातलं दुखणं असतं.

टाचेशिवाय खांदा, कोपर, मनगट, अंगठा, गुडघ्याची वाटी इथल्या कंडराही धरू शकतात. केळीच्या कापणीत घड खांद्यावर वाहणाऱ्यांचा खांदा दुखला की तो कामामुळेच, असं सगळे धरून चालतात. गोळ्यांची चौकशी तिथेही करायला हवी.

‘सगळंच अंग’ दुखत असेल, आधी ताप येऊन गेला असेल, बोटं, मनगटं, घोटे आखडले असतील, तर चिकुनगुनियाचाही विचार व्हायला हवा. गोळ्यांचं दुखणं एका-दोन ठिकाणी बोट ठेवून दाखवता येतं. मला येणारे खरे निरोप बहुतेक असेच असतात : “ताई, टाचना मांगे दुखस, बाकी काहीच नही.”

४. गोळ्या संपून महिना झाला. आता दुखायला लागलं तर त्यांचा काय संबंध?

संबंध असू शकतो. पहिल्या ४८ तासांतही दुखणं सुरू होतं आणि गोळ्या बंद केल्यावर काही महिन्यांनीही. बहुतेकांना पहिल्या एक-दोन आठवड्यांत जाणवतं. म्हणून डॉक्टरांना सांगताना गेल्या तीन-चार महिन्यांतली सगळी औषधं सांगा, फक्त कालची नको.

५. मग ही गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला हे होणार का? मला भीती वाटतेय.

नाही. शंभरात एकापेक्षाही कमी लोकांना होतं. पण जोखीम सगळ्यांची सारखी नसते. साठी ओलांडलेली माणसं, स्टेरॉइड घेणारे, मूत्रपिंडाचा आजार असलेले, किडनी, हृदय किंवा फुप्फुसाचं प्रत्यारोपण झालेले, आधीच टेंडनचं दुखणं असलेले आणि अंगमेहनत किंवा धावपळ जास्त असलेले यांनी गोळी सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या रुग्णांच्या नोंदींवरून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात साठी गाठलेल्यांमध्ये टाचेच्या टेंडनच्या त्रासाची जोखीम सुमारे ३ पट दिसली, आणि सोबत स्टेरॉइड असेल तर सुमारे ६ पट. स्टेरॉइडबद्दल प्रश्न १० मध्ये सविस्तर लिहिलं आहे.

६. औषधामुळे नस कमजोर कशी होते?

कंडरा म्हणजे मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे. या धाग्यांची झीज आणि भर सतत चालू असते. ही औषधं कोलॅजन तोडणारी द्रव्यं वाढवतात, नवं कोलॅजन बनवणाऱ्या पेशींना मंदावतात आणि पेशींमधलं मॅग्नेशियमही बांधून ठेवतात. टाचेच्या वरच्या त्या जागेत रक्तपुरवठा आधीच तोकडा असतो, त्यामुळे झालेली झीज लवकर भरून येत नाही. मॅग्नेशियमच्या गोळ्या घेऊन हे टळतं, असं सिद्ध झालेलं नाही.

७. दुखायला लागलं. आत्ता, या क्षणी काय करू?

पुढची गोळी घेण्याआधी, त्याच दिवशी, ज्यांनी ती दिली त्या डॉक्टरांना फोन करा. ‘ही फ्लॉक्सासिनची गोळी आहे आणि टाचेच्या मागे दुखतंय’ हे शब्द स्पष्ट वापरा, नुसतं ‘पाय दुखतोय’ म्हणू नका. फोन लागेपर्यंत गोळी थांबवलेली चालते, पण फोन टाळू नका. ज्या संसर्गासाठी गोळी दिली तो अंगात आहेच, त्याला दुसरं औषध लागेल. अपवाद क्षयरोगाचा, त्यासाठी प्रश्न १२ वाचा.

त्याचबरोबर पायावरचा भार कमी करा. अनवाणी चालू नका. दोन्ही चपलांत टाचेखाली सारखीच, बोटभर जाडीची घडी घाला, म्हणजे नस ताणली जाणार नाही. उकिडवं बसणं टाळा, कारण टाच टेकवून उकिडवं बसलं की हीच नस सगळ्यात जास्त ताणली जाते. शौचाला कमोड किंवा कमोडची खुर्ची वापरा. निंदणी, कापूस वेचणी, डोक्यावरून पाणी आणणं घरातल्या दुसऱ्या कुणावर सोपवा. हे सांगताना मला कळतं की हंगामात ते सोपं नसतं, पण या दोन-तीन आठवड्यांची टाळाटाळ पुढे महिन्यांनी मोजावी लागते. बर्फ कापडात गुंडाळून १०-१५ मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा लावायला हरकत नाही.

दुखणं थांबवायला पॅरासिटामॉल चालतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. या अँटिबायोटिकसोबत त्यांनी झटके येण्याची शक्यता वाढू शकते. शिवाय दुखणं दबलं की माणूस लगेच कामाला लागतो, आणि नस तुटते ती नेमकी तेव्हाच.

८. गावात नस बसवणारे बाबा आहेत. चोळून घेऊ का? की टाचेत इंजेक्शन घेऊ?

दोन्ही नको. तेल लावून चोळणं, अंगठ्याने नस दाबत नेणं, पाय झटकन ओढणं या सगळ्याने आधीच उसवलेले धागे आणखी उसवतात. हाडवैदांकडे जाणाऱ्यांना मी हिणवत नाही, लचकलेल्या पाठीला त्यांच्या हाताने आराम पडलेली माणसं मी पाहिली आहेत. या दुखण्यात मात्र हात लावू देऊ नका. आणि टाचेच्या कंडरेत किंवा तिच्या आसपास स्टेरॉइडचं इंजेक्शन तर मुळीच नको. दोन दिवस बरं वाटेल, पण तुटण्याची जोखीम वाढेल.

९. नस तुटली हे कसं ओळखायचं?

मागून कुणी लाथ किंवा दगड मारल्यासारखं वाटतं, कधी ‘फट्’ असा आवाज येतो. वळून बघावं तर मागे कुणी नसतं. नंतर चवड्यावर उभं राहता येत नाही, टाचेच्या वर बोट घातलं तर खड्डा लागतो. रुग्णाला पालथं झोपवून पाय पलंगाबाहेर ठेवा आणि पोटरी हलकेच दाबा. चांगल्या पायात पाऊल हलतं, नस तुटलेली असेल तर हलत नाही. दुखणं कमी आहे म्हणून फसू नका, तुटल्यावर काहींना फारसं दुखतच नाही. त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि जाताना त्या पायावर चालू नका.

१०. आईला दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत आणि आता लिव्होफ्लॉक्सासिन दिलंय. चालेल का?

पहिली गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. वय आणि स्टेरॉइड एकत्र आले की जोखीम सगळ्यात जास्त असते. दुसरं औषध चालण्यासारखं असेल तर ते बदलून देतात.

हे मी घरातून शिकले. मे महिना होता. माझ्या आईला लघवीच्या संसर्गासाठी लिव्होफ्लॉक्सासिन दिलं होतं, दम्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आधीपासून होतं. पाचव्या दिवशी सकाळी ती ओट्यापाशी कळण्याची भाकरी थापत होती आणि सारखी वजन या पायावरून त्या पायावर टाकत होती. दोन्ही टाचांच्या मागे ओढतंय म्हणाली. मी तिला भिंतीला हात टेकवून पोटऱ्या ताणायचा व्यायाम दिला. तीन दिवस तिने तो मन लावून केला. चौथ्या दिवशी डाव्या टाचेच्या वरची जागा सुजून गरम लागली, तेव्हा मी तिचा औषधांचा डबा उघडला. नस तुटली नाही. पण नऊ आठवडे ती आधाराचा बूट घालून चालली, आणि त्या ताणाच्या व्यायामाची टोचणी मला अजून आहे. तेव्हापासून टाच हातात घेण्याआधी मी विचारते, गेल्या काही महिन्यांत कोणत्या गोळ्या घेतल्या?

आणखी एक. सांधेदुखीवर पुडीत बांधून मिळणाऱ्या बिननावाच्या गोळ्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. अशी पुडी चालू असेल तर ‘मी स्टेरॉइड घेत नाही’ असं सांगू नका, पुडीच डॉक्टरांना दाखवा. पण स्टेरॉइड मनाने एकदम बंदही करू नका, तेही धोक्याचं आहे.

११. पोलीस भरतीचं ग्राउंड दहा दिवसांवर आहे. जुलाबासाठी ऑफ्लॉक्सासिनची जोडगोळी घेतली. सराव चालू ठेवू का?

धुळे, चाळीसगाव, अमळनेरकडून हा प्रश्न दर भरतीच्या वेळी येतो. पहाटे अंधारात रस्त्याच्या कडेला धावणारी ही मुलं-मुली मी पाहते, म्हणून हे उत्तर देताना जीव तुटतो. गोळ्या चालू असेपर्यंत वेगाने धावणं, उड्या, चढावरचा सराव बंद ठेवा. संपल्यावर चालण्यापासून सुरुवात करून दोन ते चार आठवड्यांत हळूहळू वेग वाढवा. टाचेच्या मागे जरा जरी दुखलं तरी थांबा आणि प्रश्न ७ प्रमाणे वागा. १६०० मीटर पुढच्या भरतीत धावता येतील, तुटलेल्या नसेला मात्र अख्खं वर्ष द्यावं लागू शकतं.

खरं तर साध्या पाण्यासारख्या जुलाबाला बहुधा अँटिबायोटिक लागतच नाही. ओआरएस, ताक, पेज पुरते. जोराचा ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर दुकानातून गोळी आणू नका, दवाखान्यात जा.

१२. माझ्या टीबीच्या औषधांत लिव्होफ्लॉक्सासिन आहे. बंद करू का?

स्वतःहून बंद करू नका. साध्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात लिव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन हे मुख्य आधाराचं औषध आहे, महिनोन्‌महिने घ्यावं लागतं. मध्येच सोडलं तर जंतू त्यालाही पचवायला शिकतात. दुखायला लागल्याच दिवशी आशाताईंना किंवा क्षयरोग केंद्रात कळवा. औषध बदलायचं की विश्रांती आणि देखरेखीत चालू ठेवायचं, हे तिथले डॉक्टर ठरवतील. भार कमी करणं मात्र लगेच तुमच्या हातात आहे.

नेहमीच्या टीबीच्या पहिल्या चार औषधांत, म्हणजे आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल यांत, या गटाचं काही नाही. त्यांत सांधे दुखले तर बहुधा पायराझिनामाइडने युरिक अ‍ॅसिड वाढलेलं असतं. ते वेगळं दुखणं आहे.

१३. डोळ्यात मॉक्सिफ्लॉक्सासिनचे थेंब घालतोय. तेही बंद?

नाही. डोळ्याच्या किंवा कानाच्या थेंबांतून रक्तात फारच थोडं औषध जातं. इथे लिहिलेले इशारे गोळ्या, सलाइन आणि इंजेक्शनसाठी आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब तर या भीतीने अजिबात सोडू नका.

१४. टाच दुखते म्हणून मेडिकलवाल्याने नस मोकळी करणारी गोळी दिली. सिप्रोफ्लॉक्सासिन चालूच आहे.

त्या गोळीवर टिझानिडिन लिहिलंय का ते आधी बघा. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टिझानिडिन एकत्र घेण्याला सक्त मनाई आहे. टिझानिडिनचं रक्तातलं प्रमाण कित्येक पट वाढतं, रक्तदाब कोसळतो, माणूस गुंगीत पडतो. दुखण्याच्या जोडगोळ्यांत ते बऱ्याचदा मिसळलेलं असतं.

मधुमेह असेल तर आणखी एक काळजी. या गटाच्या औषधांनी साखर वर-खाली होते, आणि ग्लिमेपिराइडसारखी साखर कमी करणारी गोळी चालू असताना ती एकदम घसरू शकते. घाम, थरथर, गोंधळ वाटला तर आधी साखर खा, मग फोन करा.

१५. दुधाबरोबर गोळी घेतली तर नसेला त्रास होणार नाही, असं शेजारच्या काकू म्हणतात.

सिप्रोफ्लॉक्सासिन नुसत्या दुधा-दह्याबरोबर, तसंच अ‍ॅसिडिटीच्या औषधाबरोबर किंवा लोह-कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतलं तर ते नीट शोषलंच जात नाही. नसेला फायदा होत नाही, संसर्ग मात्र राहतो.

१६. एवढं असताना डॉक्टरांनी ही गोळी दिलीच का?

काही वेळा तीच योग्य असते. मूत्रपिंडापर्यंत गेलेला संसर्ग, प्रोस्टेटचा संसर्ग, हाडातला संसर्ग, काही प्रकारचा क्षयरोग इथे तिने जीव वाचतात. म्हणून डॉक्टरांवर संशय घेऊन जाऊ नका. “यासाठी दुसरं औषध चालेल का?” हा प्रश्न मात्र तुम्ही विचारू शकता आणि विचारावा. अमेरिकेत २०१६ मध्ये सांगितलं गेलं की सायनस, ब्राँकायटिस, साधी उन्हाळी लागणं यांत दुसरा पर्याय असेल तर ही औषधं टाळावीत. युरोपात २०१८ मध्ये वापरावर बंधनं आली. ब्रिटनने २०२४ मध्ये आणखी पुढे जाऊन, दुसरी अँटिबायोटिक चालण्यासारखी नसेल तेव्हाच ही द्यावीत, असं ठरवलं.

माझी तक्रार चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या गोळ्यांबद्दल आहे. स्ट्रिपवरची उभी लाल रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये असं औषध. मागच्या वेळच्या उरलेल्या चार गोळ्याही त्यातच आल्या.

१७. म्हशीला दिलेलं इंजेक्शन उरलंय. तेही ‘फ्लॉक्सासिन’च आहे. माणसाला चालेल?

नाही. ते बहुधा एन्रोफ्लॉक्सासिन, जनावरांसाठीचं औषध. जनावराच्या अंगात त्याचं काही प्रमाणात सिप्रोफ्लॉक्सासिनच होतं, म्हणून त्याच गटाचा धोका वेगळ्या मापाने अंगावर येईल. ते दिल्यानंतर जितके दिवस दूध काढून टाकायला पशुवैद्यकांनी सांगितलं असेल, तितके दिवस ते दूध घरातही वापरू नका आणि डेअरीलाही घालू नका.

१८. मला सिप्रोफ्लॉक्सासिनने त्रास झाला होता. लिव्होफ्लॉक्सासिन चालेल ना? ते वेगळं आहे.

नाव वेगळं आहे, गट तोच. एकदा कंडरेचा त्रास झाला की पूर्ण गट टाळायचा. फाइलच्या पहिल्या पानावर, जिथे अ‍ॅलर्जी लिहितात तिथे, ‘फ्लुरोक्विनोलोन देऊ नये, टेंडनचा त्रास’ असं लिहून घ्या. मोबाइलमध्येही फोटो ठेवा.

१९. हे कुठे कळवायचं असतं का?

हो, आणि रुग्ण स्वतःही कळवू शकतो. औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. औषधाचं नाव, बॅच नंबर, कधी सुरू केलं आणि कधी दुखलं हे विचारतात. प्रश्न २ मधली ती कापलेली स्ट्रिप इथेही आडवी येते.

२०. बरं व्हायला किती दिवस? चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जायचा नवस आहे.

नुसती सूज असेल तर बहुतेकांना काही आठवडे ते दोन-तीन महिने लागतात. काहींचं दुखणं त्याहून रेंगाळतं. नस तुटली असेल तर प्लास्टर किंवा बूट, कधी ऑपरेशन आणि पुढे कित्येक महिने व्यायाम. व्यायाम फिजिओच्या नजरेखालीच सुरू करा, कारण सुरुवातीला ताण दिला तर काय होतं ते प्रश्न १० मध्ये आलं आहे.

गडासाठी माझा हिशोब असा. आधी दोन्ही पायांवर मिळून, मग एकेका पायावर उभं राहून सलग २० वेळा टाच उचलता आली पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ लागता कामा नये. ते जमलं की सपाट रस्त्यावर रोज २ किलोमीटर चाला, आठवडाभर काही दुखलं नाही तर अंतर थोडं थोडं वाढवा. चैत्रापर्यंत सलग १०-१२ किलोमीटर न दुखता होत नसेल, तर या वर्षी गाडीने नांदुरीपर्यंत आणि पुढे गडावरही गाडीनेच जा.